चीनच्या बाजारासाठी घडलेली घड्याळे

घड्याळ हे वेळ पाहण्याचे साधन होय, याविषयी आज कोणाचे दुमत होणार नाही. रोह्याहून सुटणारी गाडी चुकू नये, शाळेची घंटा वेळेवर व्हावी, औषधाची मात्रा ठरल्या तासाला पोटात जावी, यासाठी आपण घड्याळ बाळगतो. परंतु असाही एक काळ होऊन गेला की, सोन्याने, मोत्यांनी आणि मीनाकामाने मढविलेली घड्याळे लंडन व जिनेव्हा येथे घडत, पाच-सहा महिने समुद्रप्रवास करून चीनच्या किनाऱ्याला लागत, आणि ज्या बड्या लोकांच्या हाती ती पडत त्यांना वेळ पाहण्याची फारशी निकड नसे. ही घड्याळे वेळेसाठी नव्हतीच. ती नजराण्यासाठी होती, मर्जीसाठी होती, आणि खरे सांगायचे तर चहासाठी होती.

हा विषय पेण-रोह्याच्या श्रोत्यांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची दोन उत्तरे आहेत. एक असे की, दूरच्या, न पाहिलेल्या गिऱ्हाइकासाठी हाताने सुंदर वस्तू घडविणे म्हणजे काय, हे पेण तालुक्याला शिकविण्याची गरज नाही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून निघालेली गणेशमूर्ती परदेशी जाते, हे आपण जाणतोच. दुसरे असे की, या घड्याळांच्या व्यापाराचा धागा शेवटी मुंबई बंदराशी, माळव्यातील शिंदे-होळकरांच्या मुलखाशी आणि म्हणून आपल्याशी येऊन भिडतो.

घटिका आणि ‘आपोआप वाजणारी घंटा’

यांत्रिक घड्याळ येण्यापूर्वी आपल्याकडे वेळ मोजीत नसत, असे मुळीच नाही. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि अहोरात्राच्या घटिका साठ. लग्नघरी घटिका ठेवून मुहूर्त साधण्याची चाल कोकणात कित्येक पिढ्या होती. चीनमध्येही पाण्याची घड्याळे होती. तेथे अहोरात्राचे बारा भाग करीत. त्यांचा एक भाग म्हणजे आपल्या बरोबर पाच घटिका. हिशेबाच्या बाबतीत हे दोन्ही देश युरोपाच्या मागे नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

मग युरोपीय घड्याळात नवे ते काय होते? नवी होती ती त्याची आपोआप चालण्याची आणि वाजण्याची करामत. मातेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट धर्मोपदेशक १६०१ साली पेकिंगला पोहोचला, तेव्हा त्याने वान-ली बादशहाला दोन घड्याळे भेट दिली. एक वजनांवर चालणारे मोठे, दुसरे कमानीवर चालणारे लहान. चिनी लोकांनी त्यांना नाव दिले त्याचा अर्थ ‘आपोआप वाजणारी घंटा’ असा होतो. राजवाड्यातील खोजे सेवकांना चावी देण्याचे व निगा राखण्याचे शिक्षण द्यावे लागले. घड्याळ बंद पडले तर ते चालू करणारा माणूस हाताशी हवा, आणि म्हणून परधर्मी पाहुण्यांना राजधानीत राहू द्यावे, असा हा व्यवहार होता. पुढे शांघायचे घड्याळजी रिच्चीला आपल्या धंद्याचा रक्षक देव मानून भजू लागले, ही गोष्ट मोठी बोधक आहे. धर्मोपदेशकाचा धर्म फारसा रुजला नाही, परंतु त्याचे यंत्र रुजले.

१६४४ नंतर मांचू घराण्याचे राज्य आले. खांग-शी बादशहाच्या कारकिर्दीत राजवाड्यातच घड्याळे दुरुस्त करण्याचा व घडविण्याचा कारखाना निघाला. पुढे त्याचा नातू चिएन-लुंग (कारकीर्द १७३५ ते १७९६) याच्या काळात तर हा शौक शिगेला पोहोचला. बादशहाला जे आवडते ते सुभेदाराला हवे, सुभेदाराला हवे ते जकातदाराला हवे. ही उतरंड आपल्या पेशवाईतही काही वेगळी नव्हती.

कँटनचा एकच दरवाजा

आता व्यापाराकडे वळू. अठराव्या शतकात इंग्लंडला चहाचे वेड लागले होते, आणि चहा तेव्हा फक्त चीनमधून येई. १७८४ साली इंग्रज सरकारने चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आणली, तेव्हा तर मागणी एकदम फुगली. चहाचे पैसे कसे द्यावयाचे? इंग्लंडची लोकर कँटनच्या उकाड्यात कोण पांघरणार? चीनला युरोपाच्या मालापैकी खरोखर हवी होती ती चांदी. जहाजेच्या जहाजे चांदी घेऊन पूर्वेकडे जात आणि चहा घेऊन परत येत. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची झोप उडविणारी ही गोष्ट होती.

१७५७ पासून चिनी सरकारने पाश्चात्य जहाजांना कँटन हे एकच बंदर मोकळे ठेवले. तेथेही परदेशी माणसाला वाटेल त्याच्याशी व्यवहार करता येत नसे. ‘हाँग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या मक्तेदार व्यापाऱ्यांमार्फतच सारी देवघेव चाले, आणि त्यांच्यावर ‘हॉप्पो’ नावाने परदेशीयांना परिचित असलेला बादशाही जकात अधिकारी असे. या दरवाजातून आत शिरण्याची किल्ली म्हणजे घड्याळ. कँटनच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत अशा वाजणाऱ्या, नाचणाऱ्या घड्याळांना ‘सिंग-साँग’ म्हणत. कंपनीच्या जहाजांवरील कप्तान व अधिकारी यांना स्वतःचा थोडा खासगी माल नेण्याची मुभा असे, आणि जागा थोडी, किंमत मोठी, असा हा माल त्यांना सोयीचा पडे.

या दरवाजावर भरडला कोण गेला? हाँग व्यापारी. जकात अधिकाऱ्याला नजराणा हवा, त्याला वर पेकिंगला पाठवायला हवा, तेव्हा घड्याळे विकत घेण्याचा भुर्दंड या व्यापाऱ्यांवर पडे. परदेशी विक्रेता उधारीवर माल देई, व्याज चढे, आणि अखेर कित्येक हाँग पेढ्यांचे दिवाळे निघे. तबकडीवरच्या मोत्यांकडे पाहताना हा कर्जाचा डोंगर आपल्या नजरेआड होता कामा नये.

जेम्स कॉक्सचे कारखाने

या धंद्यातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे लंडनचा जवाहिऱ्या जेम्स कॉक्स. तो स्वतः घड्याळजी नव्हता. तो योजक होता. सोनार, मीनाकार, यंत्रकार अशा अनेक कसबी लोकांकडून तो काम करवून घेई. धातूचे हत्ती, रथ, मनोरे, धबधब्यासारखी फिरणारी काचेची कांडी, उमलणारी फुले, आणि या सर्वांत कोठेतरी बसविलेले लहानसे घड्याळ, असे त्याच्या मालाचे रूप असे. १७७२ साली त्याने लंडनमध्ये या चिजांचे प्रदर्शनच मांडले. तेथे १७७३ मध्ये दाखविलेला चांदीचा राजहंस आजही इंग्लंडमधील बोज संग्रहालयात आहे. तो मान वळवितो आणि चोचीने मासा उचलतो. लंडनच्याच टिमथी विल्यमसन याच्या नावाचे एक घड्याळ पेकिंगच्या राजवाड्यात आहे. त्यातला बाहुला हातात कुंचला धरून आठ चिनी अक्षरे लिहितो. अक्षरांचा मायना असा की, आठही दिशांचे लोक बादशहाच्या दरबारी नम्रतेने येतात. इंग्रजी यंत्राने चिनी लिपीत बादशहाची स्तुती लिहावी, यापेक्षा या व्यापाराचे स्वरूप अधिक स्पष्ट करणारे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

परंतु मोठ्यांच्या लहरीवर उभारलेला धंदा लहरीबरोबरच डळमळतो. कँटनचा बाजार अशा मालाने तुंबला, आणि कॉक्सला १७७५ साली आपला संग्रह सोडतीने काढून टाकावा लागला. १७७८ साली त्याचे दिवाळे वाजले.

१७९३ साली इंग्लंडच्या राजाचा वकील लॉर्ड मॅकार्टनी चिएन-लुंगच्या भेटीस गेला. त्याच्याबरोबर ग्रहमालेचे यंत्र, घड्याळे, दुर्बिणी असा मोठा सरंजाम होता. हे पाहून बादशहा थक्क होईल, अशी त्याची अपेक्षा. पण जेहोलच्या उन्हाळी महालांतून त्याला फिरविण्यात आले, तेव्हा तेथे याच जातीची घड्याळे, गोल आणि वाजणारी यंत्रे इतकी आणि इतकी सुंदर दिसली की, आपल्या भेटी त्यांपुढे फिक्या पडणार हे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले. तुमच्या देशातील वस्तूंची आम्हांला गरज नाही, असे उत्तर बादशहाने राजाला धाडले. त्या उत्तराला उर्मटपणा म्हणण्याची प्रथा आहे. परंतु ज्याच्या महालात ती सारी खेळणी आधीच येऊन पडली होती, त्याने आणखी काय म्हणावे?

जोडीचे घड्याळ

मोठ्या यंत्रांची हौस ओसरली तरी खिशातल्या घड्याळांची ओसरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चीनसाठी खास बनविलेली ही घड्याळे म्हणजे कारागिरीचा एक स्वतंत्र प्रांत आहे.

अशा घड्याळाची डबी सोन्याची किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची. तिच्या कडेभोवती अर्धे चिरलेले बारीक मोती एकाला एक लावून बसविलेले. पाठीवर मीनाकाम. मीना म्हणजे मुळात काच. रंगीत काचेची बारीक पूड करून ती धातूवर पसरायची आणि सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत वितळवायची. सर्व रंग एकदम भाजता येत नाहीत. एक रंग, एक भाजणी, पुन्हा दुसरा रंग, पुन्हा भट्टी. शेवटच्या भाजणीत एक तडा गेला की महिन्याभराचे काम वाया. या कामात जिनेव्हाच्या चित्रकारांचा हात धरणारे कोणी नव्हते. केसाएवढ्या कुंचल्याने ते फुलांचे गुच्छ, सरोवरे, मुले घेऊन बसलेल्या युरोपीय स्त्रिया रंगवीत.

डबी उघडली की आतले यंत्रही काचेखाली दिसेल असे मांडलेले. पूल आणि पट्ट्या नक्षीने कोरलेल्या. गिऱ्हाईक तबकडीपेक्षा आतली चाके अधिक आवडीने पाहते, हे कारागिराने ओळखले होते. याच आवडीतून सेकंदाच्या काट्याची एक गंमत निघाली. त्या काळच्या साध्या घड्याळात मोठा सेकंद काटा बसविला तर तो सेकंदात अनेक लहान हिसके घेत सरके. चीनसाठी बनविलेल्या घड्याळांत चाकाचे दाते टोकाशी दुभंगलेले असत. तोलचक्राचे चार झोके झाले म्हणजे चाक एक पूर्ण दाता पुढे जाई, आणि झोके सेकंदाला चार ठेवलेले असल्याने काटा सेकंदाला एकच उडी घेई. जाणकार या रचनेला ‘चिनी डुप्लेक्स’ म्हणतात. वेळेच्या अचूकपणात त्याने काही भर पडत नसे. पण काटा टक्कन थांबतो आणि टक्कन पुढे जातो, हे पाहण्यात सुख होते.

आणखी एक विशेष म्हणजे ही घड्याळे बहुधा जोडीने विकत. चिनी रिवाजात भेट जोडीने देणे शुभ. म्हणून दोन घड्याळे सारखी, आणि पुष्कळदा एकीवरचे चित्र दुसरीवर आरशातल्याप्रमाणे उलटे. एकीत बाई डावीकडे पाहते, तर दुसरीत उजवीकडे. आज या जोड्या बव्हंशी फुटलेल्या आहेत. एक एका खंडात, दुसरे दुसऱ्या.

या धंद्यात स्वित्झर्लंडमधील फ्लेरिए गावाचे नाव मोठे झाले. त्या गावचा एदुआर बोव्हे हा तरुण १८१८ साली कँटनला गेला आणि त्याने चार घड्याळे दहा हजार फ्रँकांना विकली, अशी नोंद आहे. १८२२ मध्ये त्याने भावांसह लंडनमध्ये कंपनी स्थापन केली. माल घडे फ्लेरिएत, पेढी लंडनची, बाजार चीनचा. पुढे बोव्हे हे नाव चीनमध्ये घड्याळाचेच नाव होऊन बसले. आपण वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणू लागलो, तशातलाच प्रकार.

येथे पेणच्या श्रोत्याला एक साम्य सहज दिसेल. जुराच्या डोंगरातली ही खेडी हिवाळ्यात बर्फाने बंद होत, आणि शेतकरी कुटुंबे घरी बसून घड्याळाचे सुटे भाग करीत. एक घर चाके करी, दुसरे कमानी, तिसरे काटे. आपल्याकडेही एका हाती साचा, दुसऱ्या हाती रंग आणि डोळ्यांची आखणी तिसऱ्या सिद्ध हाताची. फरक आहे तो पुढे. पेणच्या कारागिराला गणपती कोण आणि तो कोणत्या दिवशी कोणत्या पाटावर बसणार हे ठाऊक असते. जिनेव्हाच्या मीनाकाराने चीन पाहिला नव्हता, गिऱ्हाईक पाहिले नव्हते. आणि घड्याळावर नाव चढे ते बहुधा व्यापाऱ्याचे. लंडनच्या विल्यम इल्बेरीच्या नावाची कित्येक उत्कृष्ट घड्याळे आहेत, ज्यांचे मीनाकाम जिनेव्हाचे आहे. चित्र काढणाऱ्याचे नाव शोधावे लागते, आणि कित्येकदा ते सापडतच नाही.

घड्याळाकडून अफूकडे

आता या कथेचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येऊ. जेम्स कॉक्सचे दिवाळे निघाल्यावर त्याचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स १७८१ च्या सुमारास बापाचा पडून राहिलेला माल विकण्यासाठी कँटनला गेला. घड्याळे विकता विकता तो हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाची दलाली करू लागला. त्याच्या पेढीत भागीदार येत गेले, जात गेले. पुढे तीत मॅग्निअ‍ॅक नावाचे बंधू आले. त्यांचा बाप लंडनमध्ये चीनसाठी अशीच यंत्रे बनवीत असे. १८३२ साली हीच पेढी ‘जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी’ झाली, आणि अफूच्या व्यापारातली सर्वांत बलाढ्य पेढी म्हणून इतिहासात नोंदली गेली. घड्याळाच्या दुकानातून अफूचे कोठार निघाले, ते असे.

चांदीची गळती थांबविण्यासाठी घड्याळे पुरी पडली नाहीत. मुंबईहून कापूस जाई, चंदन जाई, आपल्या किनाऱ्यावरचे मुशीचे वाळविलेले पर आणि माशांचे बोत जात. परंतु पारडे फिरविले ते अफूने. ती पिके बंगाल-बिहारात कंपनीच्या मक्त्याखाली, आणि माळव्यात शिंदे-होळकर आदी संस्थानिकांच्या मुलखात. माळव्याची अफू प्रथम दमण-कराचीच्या आडवाटेने जाई. १८३१ च्या सुमारास कंपनीने परवाना-शुल्क घेऊन तिला मुंबईचा रस्ता मोकळा केला. एक पेटी साधारण ६० किलोची. १८२० पूर्वी चीनमध्ये वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात. १८३८-३९ मध्ये त्या ४०,००० च्या घरात गेल्या. आता चांदी उलट दिशेने वाहू लागली. पुढे १८३९ ते १८४२ चे युद्ध झाले, आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले.

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई हे याच व्यापारातून उदयास आले. १८०५ साली ‘ब्रन्सविक’ जहाजावरून चीनला जात असता फ्रेंचांनी ते जहाज पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा डॉक्टर होता. तेथे जुळलेली ओळख पुढे दोघांच्या पेढ्यांना जन्मभर पुरली. जमशेटजींच्या देणगीतून १८४५ साली रुग्णालय उभे राहिले, १८५७ साली कलाशाळा निघाली. आपल्या कित्येक कुटुंबांतील आजारी माणूस त्या रुग्णालयात बरा होऊन परत आला असेल, आणि या भागातील चित्रकलेची आवड असलेली मुले त्या कलाशाळेत शिकली असतील. हे दान खरे आहे, आणि ते ज्या व्यापारातून आले तो व्यापारही खरा आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवणे हेच इतिहास वाचणाऱ्याचे काम आहे, असे आम्हांस वाटते. चिनी गिऱ्हाइकाला काय आवडते याचा विचार करून मोती लावणारा व्यापारी, आणि त्याला कशाचे व्यसन लागेल याचा विचार करून पेट्या धाडणारा व्यापारी, हे एकाच पेढीचे वारस होते.

त्या घड्याळांचे पुढे काय झाले

चिएन-लुंग १७९९ साली वारला. त्याचा लाडका मंत्री होशेन याला नव्या बादशहाने त्याच वर्षी मरण दिले. त्याच्या जप्त मालमत्तेतही घड्याळांचा साठा सापडला. नवा बादशहा अशा वस्तूंना निरुपयोगी समजे. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआन-मिंग-युआन हा उन्हाळी महाल लुटला आणि नंतर इंग्रजांनी तो जाळला. त्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या. शिपायांच्या हाती लागलेल्या लुटीत वाजणारी खेळणी आणि घड्याळे होती. अशा रीतीने जी वस्तू युरोपातून नजराणा म्हणून गेली, तिच्यातली काही लूट म्हणून युरोपात परतली. उरलेल्या संग्रहातील हजाराहून अधिक घड्याळे पेकिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. १९२५ साली तो राजवाडा सर्वांसाठी खुला झाला, आणि जी यंत्रे एका माणसाच्या करमणुकीसाठी होती ती तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागली.

पण लहान घड्याळांचे भाग्य इतके चांगले नव्हते. सोन्याचा भाव चढला की डबी वितळविली गेली, मोती वेगळे विकले गेले, आणि आतले कोरीव यंत्र भंगारात पडले. सोने तोळ्याने मोजता येते. मीनाकाराच्या महिन्याभराच्या नजरेला वजन नसते, म्हणून ती आधी जाते.

आपल्या घरांत चिनी बाजाराची घड्याळे सापडतील, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पेण-रोह्याच्या जुन्या वाड्यांत पणजोबांचे खिशातले घड्याळ, मुंबईहून आणलेले लंबकाचे घड्याळ, लग्नातली तांब्याची घटिका, या वस्तू अजून आहेत. पावसाळ्यात माळ्यावर ठेवून त्यांना गंज चढतो, आणि एक दिवस त्या मोडीत निघतात. तसे करण्यापूर्वी इतके तरी करावे. तबकडीवरचे आणि आतल्या झाकणावरचे नाव व क्रमांक उतरवून घ्यावा. ते कोणी, कधी, कशासाठी घेतले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. तेल सुकलेले यंत्र चावी देऊन जबरीने चालवू नये, जुन्या घड्याळजीला आधी दाखवावे. मीनाकाम असेल तर चिंच-राखेने घासू नये. आणि विकायचेच असेल तर नुसते सोन्या-चांदीच्या वजनावर विकू नये.

कॉक्सचा हंस आज मान वळवितो, कारण दोनशे-अडीचशे वर्षांत कोणी ना कोणी त्याची निगा राखली. निगा राखणाऱ्यांत बादशहा कोणी नव्हता. किल्ली फिरविणारे, तेल घालणारे, तुटलेला दाता बदलणारे साधे लोक होते. तेवढे काम आपल्या गावातही करता येण्यासारखे आहे.